न गोठणारं तेल

फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर लग्नाचे फोटो, पदवीची प्रमाणपत्रं, गेलेल्या आजोबांचे चेहरे, आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांत रुंद सोनेरी पट्टीत, खुद्द फ्रेमवाल्याच्या रक्ताचा रिपोर्ट. लोक आपापल्या भिंतीवर काय टांगायचं ते टांगोत. पण स्वतःच्या कोलेस्टेरॉलला काच लावून, भोवती किरमिजी पुठ्ठ्याच्या चौकटीचं माउंट देऊन, वर लहानसा दिवा सोडणारा माणूस त्या गल्लीत एकच निघाला, आणि तो नेमका तिच्या वाट्याला आला होता.

ती म्हणजे त्याची बायको. गल्ली तिला काचवाली म्हणे. लग्न होऊन आली तेव्हापासून दुकानातली काच आणि माउंट कापायचं काम तिच्याकडे होतं. फ्रेमवाला पट्ट्या कापायचा, कोपरे जुळवायचा, व्हार्निश मारायचा आणि बोलायचा. यातलं शेवटचं काम तो सगळ्यांत मन लावून करी. त्या रिपोर्टचं माउंटही तिनेच कापलं होतं, आणि कापताना गालाच्या आतला भाग दातांत धरून ठेवला होता. हसू फुटलं असतं तर हात हलला असता, आणि तिचा हात आजवर कधी हलला नव्हता.

फ्रेमवाल्याचं आयुष्य सांगायचं तर फार काही नाही. आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीने, अक्कांनी, त्याला वाढवला. अक्का टेलिफोनच्या कचेरीत होत्या. दिवसभर लोकांच्या तारा जोडायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन भावाचा अभ्यास घ्यायच्या. अभ्यास काही त्याच्या डोक्यात शिरला नाही, तेव्हा त्यांनीच त्याला एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्याच्या हाताखाली ठेवला. तिथे मात्र पोरगा चमकला. हे कबूल करायला हवं. त्याने जुळवलेल्या कोपऱ्यात केससुद्धा शिरत नसे. पण एक काम चांगलं जमलं की जगातलं सगळंच आपल्याला कळतं, असं काही पुरुषांना वाटायला लागतं, आणि फ्रेमवाला त्यांतला बिनीचा शिलेदार होता.

आधी त्याने लोहचुंबकाचं कडं घातलं. रक्तातलं लोखंड म्हणे त्याने रांगेत चालतं. मग काही महिने तो पहाटे उलटा चालायचा, गुडघ्यांसाठी. एकदा दुकानातही उलटा चालला आणि एका गिऱ्हाइकाचा आरसा घेऊन आडवा झाला. मग कच्च्या बटाट्याचा रस आला. प्रत्येक खुळाला गल्लीतले दोनचार भक्त मिळत, कारण फ्रेमवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुटला की ऐकणाऱ्याला मान हलवल्याशिवाय सुटका नसे. खूळ संपलं की त्याबद्दल अवाक्षर निघत नसे. लोहचुंबकाचं कडं आता खिळ्यांच्या डब्यात होतं. जमिनीवर सांडलेले बारीक खिळे काचवाली त्याने गोळा करी.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त काचवालीला ठाऊक होती. इतकी वर्षं व्हार्निश, स्पिरिट आणि सरस यांत घालवून फ्रेमवाल्याचं नाक कामातून गेलं होतं. दूध करपून घरभर धूर झाला तरी हा त्याच खोलीत पेपर वाचत बसलेला असे. नासलेला मासा याने एकदा "ताजा आहे" म्हणून विकत आणला होता. आपल्याला वास येत नाही हे त्याच्या गावीही नव्हतं. उलट तोच तिला सांगायचा, "तुझं नाक उगाच नाजूक आहे. सवय लाव." नाकाने कांदे सोलावेत ते याने, आणि तेही बिनकामाच्या नाकाने.

तर एकदा शिडीवर चढून पट्ट्या काढताना त्याला चक्कर आली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आला. साखर ठीक होती, वाईट कोलेस्टेरॉल मात्र बरंच वर होतं. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण नीट बोलल्या.

"घाबरू नका. अजून गोळी देत नाही. आधी खाण्यात बदल करा. सोपं सांगते, थंडीत जी चरबी गोठते ती कमी करायची. लोणी, साय, मटणाची चरबी, नारळाचं तेल. पातळ राहतं ते वापरा. सूर्यफूल, शेंगदाणा, कुठलंही. तेही बेताने. आणि चाला थोडं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"नारळाचं तेल?" फ्रेमवाल्याने भुवया उंचावल्या. "ते तर झाडाचं आहे. झाडाला कुठलं कोलेस्टेरॉल?"

"झाडाला नाही, हो. पण त्या तेलातली चरबी तुमच्या शरीराला जास्त कोलेस्टेरॉल करायला लावते. भाजीत खोबऱ्याचा तुकडा पडला म्हणून काही होत नाही. वाटीवाटीने नको, एवढंच."

काचवालीने हे शब्द न् शब्द ऐकले. फ्रेमवाला बाहेर पडला आणि पायरीवरच म्हणाला, "बाईला काही कळत नाही. झाडाला कोलेस्टेरॉल नसतं, हे तिनेच मान्य केलं."

त्याच आठवड्यात त्याला फोनमधला टोपीवाला भेटला. हा कुणी समुद्रकाठी उभा राहून बोलणारा गृहस्थ होता, मागे नारळाचं झाड, अंगात फुलाफुलांचा सदरा. बेटावरची माणसं, तो सांगे, पिढ्यान्पिढ्या नारळ खातात आणि म्हातारपणीही झाडावर चढतात. नारळाचं तेल चांगलं कोलेस्टेरॉल वाढवतं. डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांची दुकानं बंद होतील. टोपीवाल्याचं स्वतःचं दुकान मात्र जोरात असावं, कारण प्रत्येक भाषणाच्या शेवटी काहीतरी विकायला निघे. फ्रेमवाल्याला यातलं फक्त झाड दिसलं. बेटावरचा माणूस होडी वल्हवतो, मासे पकडतो, कंदमुळं खातो. हा महाशय कोपऱ्यावरून पाव आणायलासुद्धा बायकोला पाठवायचा. पण हे म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर टोपीवाल्याचं अख्खं भाषण पुन्हा ऐकावं लागलं असतं.

हुकूम सुटला. घरात सगळं नारळाच्या तेलात. अंडी, बटाटे, मासे, पालेभाज्या, सगळं. शिवाय सकाळी उपाशीपोटी एक मोठा चमचा तेल, आणि पावाला वरून वेगळं. काचवालीने नारळाच्या झाडाचं चित्र असलेला मोठा डबा आणला. काही दिवस तिने तसाच स्वयंपाक केला. अंड्याला खोबऱ्याचा वास यायला लागला तेव्हा तिने अंडी खाणं सोडलं. मग एके दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ते म्हणतात, चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं."

"वाढतं थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याच्याबरोबर वाईटही वाढतं. चांगलं वाढलं म्हणून वाईट माफ होत नाही. तुम्ही समजावा त्यांना."

"बाई, त्यांना समजावणं म्हणजे काच हाताने वाकवणं."

घरी येताना काचवालीने लांबच्या गल्लीतल्या दुकानातून सूर्यफुलाचं तेल घेतलं. राहिलेलं नारळाचं तेल एका बरणीत काढून फळीवर मागे सारलं, डबा गरम पाण्याने धुतला, कोरडा केला आणि त्यात नवं तेल ओतलं. झाडाचं चित्र पुढे करून डबा जागेवर ठेवला. नवऱ्याच्या काळजीपोटी केलं असं म्हणायला बरं वाटतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आपल्या कढईवर कुणा टोपीवाल्याची सत्ता चालावी, याचा संताप त्याहून थोडा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वाटलं, झालं, आता पकडले जाणार. फ्रेमवाल्याने चमचा भरला, डोळे मिटले, तेल गिळलं आणि जिभेने ओठ पुसले.

"वाह," तो म्हणाला. "काय सुगंध आहे. समुद्राची आठवण होते."

काचवाली चटकन मोरीकडे वळली आणि स्वच्छ असलेली पातेली पुन्हा घासायला लागली. इतकं हसू तिला लग्नानंतर कधी आलं नव्हतं. त्या दिवसापासून सकाळचा तो चमचा तिची करमणूक झाला. रोज वेगळं वर्णन. एकदा म्हणाला, आजच्या तेलात कोवळ्या नारळाची झाक आहे. एकदा म्हणाला, या डब्यातला नारळ खाऱ्या वाऱ्यावर वाढलेला दिसतो. ती मान हलवून "असेल बाई" म्हणायची आणि वळून पातेली घासायची.

मग थंडी पडली, आणि करमणुकीला जत्रेचं रूप आलं. फ्रेमवाल्याच्या उपदेशाने एव्हाना निम्मी गल्ली नारळाच्या तेलावर आली होती. एके सकाळी शेजारचा घड्याळवाला आपली बाटली घेऊन दुकानात आला. बाटलीतलं तेल पांढरंशुभ्र, मेणासारखं घट्ट झालं होतं. उलटी केली तरी थेंब पडेना.

"हे असं का झालं?" घड्याळवाल्याने विचारलं. "तुमचं पण गोठलं का?"

फ्रेमवाला उठला, वर स्वयंपाकघरात गेला आणि झाडाचं चित्र असलेला डबा घेऊन आला. झाकण काढलं. तेल पाण्यासारखं पातळ. त्याने ते चमच्याने वर उचलून धार सोडून दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं की काचवालीने हातातलं हत्यार खाली ठेवून दिलं.

"बघा," तो म्हणाला. "थंडी तुमच्या घरात तीच, माझ्या घरात तीच. मग फरक कशाचा? शुद्धतेचा. अस्सल नारळाचं तेल कधी गोठत नाही. गोठतं ती भेसळ. फसवलंय तुम्हाला."

घड्याळवाल्याचा चेहरा पडला. दोन दिवसांत ही अक्कल गल्लीभर पसरली. ज्यांच्या बाटलीत खरंखुरं नारळाचं तेल होतं ते सगळे आपण फसलो म्हणून हळहळायला लागले, आणि सूर्यफुलाचं तेल पिणारा एकटा फ्रेमवाला शुद्धतेचा टेंभा मिरवत दारोदार फिरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी जी खूण सांगितली होती तीच याने नेमकी उलटी करून लोकांच्या गळ्यात मारली होती. बाकी, या प्रचाराच्या निमित्ताने तो रोज पायी भटकायचा. तेवढा व्यायाम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच घडला.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल छान उतरलं होतं. उतरणारच. लोणी सुटलं होतं, साय सुटली होती, पोटात पातळ तेल जात होतं आणि पाय चालत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्याने पाळलं होतं, स्वतःला पत्ता न लागू देता. रिपोर्ट हातात धरून तो घरी आला तो गडगडत आला.

"कोण खरं ठरलं? सांग, कोण खरं ठरलं?"

त्या क्षणी तिने सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण तो म्हणाला, "याला फ्रेम करायची. किरमिजी माउंट काप, रुंद," आणि हे ऐकल्यावर तिला मोह आवरेना. नवऱ्याने तिचं सूर्यफुलाचं तेल सोनेरी पट्टीत बसवावं, त्यावर दिवा लावावा, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवून टोपीवाल्याचे गोडवे गावेत, याहून मोठी गंमत कुठे मिळणार होती? मुरू द्यावी थोडी, असं तिने ठरवलं. आयुष्यभर याचं ऐकून घेतलं होतं, आता थोडं बघून घेऊ. तिने माउंट कापलं आणि रिपोर्ट भिंतीवर चढला.

त्यानंतर काही आठवडे गेले. एके दुपारी अक्का वर आल्या. नेहमी हाका मारत जिना चढणाऱ्या अक्का त्या दिवशी कठडा धरून, मध्ये थांबत आल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली. आत तेल पांढरं, घट्ट.

"बघ गं. माझं मेलं रोज गोठतं," त्या म्हणाल्या. "तो म्हणतो भेसळीचं आहे. तुमच्या डब्यातलं दे थोडं. इतकं घेऊन फुकट जायला नको."

काचवाली आतल्या आत हसतच होती. अक्कासुद्धा, तिला वाटलं. "तुम्ही कधीपासून घ्यायला लागलात, अक्का?"

"त्याचा कागद भिंतीवर लागला ना, त्या दिवसापासून. गोळ्या बंद केल्या तेव्हापासून तीन चमचे घेते."

"कुठल्या गोळ्या?"

"त्याच, कोलेस्टेरॉलच्या. हृदयाच्या नळीत जाळी बसवली तेव्हा दिल्या होत्या त्या."

ओट्याची कड धरून काचवालीने विचारलं, "बंद करायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तो म्हणाला, अक्का, बघ, माझी एकही गोळी नाही, नुसतं तेल. आणि खरंच की. कागदावर लिहिलेलं आहे." अक्कांनी छातीच्या मधोमध तळवा ठेवला. "जिना चढला की इथे जरा जड होतं. तो म्हणतो, जुनी घाण सुटतेय."

"अक्का, आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या."

"कशाला? ती पुन्हा गोळ्याच देणार." अक्का हसल्या. "अगं, तुला वाटतं मला माझा भाऊ कळत नाही? बढाया मारतो, आरसे फोडतो, सगळं खरं. पण मला तो खोटं सांगत नाही. लहानपणापासून एकदासुद्धा नाही."

त्याने खोटं सांगितलंच नव्हतं. जे त्याला खरं वाटत होतं ते तो सांगत होता, आणि ते खोटं कुठे होतं हे जगात फक्त काचवालीला माहीत होतं. भिंतीवरचा तो कागद नवऱ्याच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून ती रोज पुसत होती, आणि इकडे अक्का त्याच्या भरवशावर छातीचं ओझं घेऊन जिने चढत होत्या. सगळी गंमत तिच्या तोंडात कडू झाली.

तिने फळीवर मागे सारलेली बरणी काढली. आतलं खरं नारळाचं तेल थिजलं होतं. गरम पाण्यात धरून तिने ते पातळ केलं, एका वाटीत ओतलं. दुसऱ्या वाटीत डब्यातलं तेल घेतलं. "अक्का, हळूहळू खाली चला. मला तुमच्यासमोर बोलायचंय," ती म्हणाली.

दुकानात फ्रेमवाला घड्याळवाल्याला रिपोर्टमधली एक ओळ समजावत होता. काचवालीने दोन्ही वाट्या कामाच्या टेबलावर ठेवल्या.

"अहो, यातलं नारळाचं तेल कुठलं, ते सांगा."

"हे काय नवीन?"

"सांगा ना. तुम्ही तर रोज नारळाचं गावसुद्धा ओळखता."

फ्रेमवाल्याने घड्याळवाल्याकडे बघून डोळे मिचकावले. एक वाटी नाकाशी नेली. दुसरी नेली. पुन्हा पहिली. मग दोन्हींत बोट बुडवून चाखलं आणि सूर्यफुलाच्या तेलाची वाटी पुढे सरकवली.

"हे. काय दरवळ आहे. ते दुसरं भेसळीचं, त्याला काही वासच नाही."

अक्का वाकल्या. पुढे सरकवलेल्या वाटीचा वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग दुसरी उचलली. दुकानभर खोबऱ्याचा वास सुटला होता, घड्याळवालासुद्धा नाक वर करून हुंगत होता.

"अरे," अक्का हळूच म्हणाल्या, "नारळाचं हे आहे. तुला वास येत नाही?"

"त्यांना कसलाच वास येत नाही," काचवाली म्हणाली. "कित्येक वर्षं. आणि त्या झाडाच्या डब्यात सूर्यफुलाचं तेल आहे. यांचं खूळ सुरू झालं त्या पहिल्या महिन्यापासून. मी ओतते. म्हणून ते गोठत नाही. अस्सल गोठतं, घड्याळवाले भाऊजी, तुमचं अस्सल होतं. आणि हा जो कागद टांगलाय तो नारळाच्या तेलाचा नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्या खाण्याचा आहे."

फ्रेमवाल्याने वाटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा वाटीकडे. "काहीतरीच," तो म्हणाला. "मला चव कळत नाही होय?" पण बोलता बोलता त्याने खोबऱ्याच्या तेलाची वाटी पुन्हा नाकाशी नेली, जोरात श्वास घेतला, आणि तसाच उभा राहिला. तोंडघशी पडलेला माणूस बघायची काचवालीला कधीची हौस होती. आता समोर होता, तर बघवेना.

"अक्का," ती घाईने म्हणाली, "गोळ्या आजच सुरू करा. आत्ता दवाखान्यात जाऊ."

अक्का भावाकडे बघत नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या.

"हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"हो."

"तो अख्ख्या गल्लीला शिकवत होता तेव्हा तू काय करत होतीस?"

खोटं बोलायला काहीच उरलं नव्हतं. "हसत होते," काचवाली म्हणाली.

"त्याला नाक नव्हतं," अक्का म्हणाल्या. "तुला तर होतं."

आणि त्या स्वतःच दाराकडे निघाल्या. उंबऱ्याशी त्यांनी चौकट धरली आणि छातीवर हात दाबत खाली बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दुसऱ्या नळीत आणखी एक जाळी बसवावी लागली. थोडक्यात निभावलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. काचवालीने विचारलं की हे तेलामुळे झालं का. ते म्हणाले, इतक्या थोड्या दिवसांच्या तेलावर कुणी शपथेवर ठपका ठेवू शकणार नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने गोळी सोडणं म्हणजे स्वतःच्या हाताने धोका ओढवणं. तेलाचे चमचे त्यात भर, उपकार नक्कीच नाही.

बाहेरच्या बाकावर फ्रेमवाला गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"इथे वास येतो का गं कसला?" त्याने मध्येच विचारलं.

"येतो."

"कसला?"

"फिनेलचा. आणि कुणाच्या तरी डब्यातल्या भाताचा."

त्याने मान हलवली आणि दाराकडे बघितलं. काचवालीला त्याची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

राग वाया गेला नाही. अक्का घरी आल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवडाभरात फ्रेमवाल्याच्या जिभेला पुन्हा पाय फुटले. आता तो गिऱ्हाइकांना सूर्यफुलाच्या तेलाचं माहात्म्य सांगायला लागला. "मी स्वतःवर प्रयोग केलाय," तो म्हणे. "पातळ राहतं ते तेल. डॉक्टर सांगतीलच, पण मी आधीपासून घेतोय." घड्याळवालासुद्धा माना डोलावून री ओढायला लागला. अशा माणसांना लाजवायला जावं तर आपलीच लाज शिल्लक राहते. एवढं मात्र त्याने केलं, की भिंतीवरचा रिपोर्ट गुपचूप उतरवून पट्ट्यांच्या गठ्ठ्यामागे सरकवला. दिवा तसाच राहिला, मोकळ्या खिळ्यावर उजेड पाडत.

काही दिवसांनी अक्का दुकानात आल्या. जिना चढल्या नाहीत, तो आता त्यांना मना होता. पर्समधून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांच्या स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट होता, हॉस्पिटलात भरती झाल्या त्या दिवशीचा.

"याला फ्रेम कर."

फ्रेमवाल्याने आकडे वाचले आणि कागद खाली ठेवला. "अक्का, हे काय टांगायची गोष्ट आहे?"

"तुझा टांगलास तेव्हा मला विचारलं होतंस? तो पण काढ मागून. दोन्ही शेजारी लाव, त्या दिव्याखाली." मग त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काचवालीकडे तोंड वळवलं. "आणि माउंट तू कापायचं. त्याच्यासारखंच. किरमिजी."

काचवालीने पुठ्ठा घेतला, माप आखलं, पट्टी दाबून धरली आणि पातं टेकवलं. पहिल्याच कोपऱ्याशी पातं रेषेबाहेर गेलं. तिने तो तुकडा बाजूला टाकला आणि दुसरा घेतला. अक्का स्टुलावर बसून बघत होत्या. दुसरं माउंट सरळ निघालं. फ्रेमवाल्याने पट्टी चढवली, कोपरे जुळवले. केस शिरला नसता.

आता दुकानात शिरलं की दिव्याखाली दोन रिपोर्ट दिसतात. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे काय आहे म्हणून. अशा वेळी फ्रेमवाल्याला व्हार्निशच्या डब्यांत काहीतरी शोधायचं असतं. मग काचवाली हातातली काच पुसत सांगते, "हा यांचा, चांगला आला तेव्हाचा. आणि हा माझ्या नणंदेचा, मी गप्प बसले होते तेव्हाचा."

मग ती गिऱ्हाइकाच्या हातातला फोटो घेते आणि पट्टी किती रुंद हवी ते विचारते.